हवा काढली की चार दिवस बरं, मग पुढचा ब्रेक परत मऊ: दोन कॅलिपरच्या गाडीत लाईनचा मार्ग आधी बघा

तक्रार ठरलेली आहे. मोटरसायकलच्या पुढच्या दोन्ही कॅलिपरना (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागांना) स्टील जाळीच्या नव्या ब्रेक लाईन टाकल्या, ब्रेक ऑइलमधली हवा काढली, लिव्हर दगडासारखा घट्ट झाला. चार दिवसांनी सकाळी पहिल्यांदा ब्रेक दाबला तर लिव्हर ग्रिपपाशी. दोनतीनदा भराभर पंप केला की परत वर. पुन्हा हवा काढायची, पुन्हा आठवडा बरा जायचा, पुन्हा तेच.

बाहेर कुठे ओल नाही आणि टाकीतलं ब्रेक ऑइल उतरत नाही, तर हवा बाहेरून आत येत नाहीये. ती पहिल्या दिवसापासून आतच आहे. लाईन ज्या वाटेने नेली, त्या वाटेवर तिला बसायला उंचवटा मिळालाय. हवा काढताना तिचे बारीक बुडबुडे होऊन लाईनभर पसरतात, काही दाबाखाली ऑइलमध्ये विरघळतातही, म्हणून लिव्हर तात्पुरता घट्ट लागतो. गाडी उभी राहिली की ते सगळे हळूहळू परत त्याच उंचवट्यावर गोळा होतात. लाईनची वाट न बदलता दहा वेळा हवा काढली तरी हे चक्र थांबत नाही.

आधी ही हवाच आहे का ते ठरवा. पंप केल्यावर लिव्हर वर येणं हे हवेचं लक्षण आहे, तसंच पॅड डिस्कपासून लांब ढकलले जात असल्याचंही आहे. दोन्हीतला फरक असा काढायचा: गाडी स्टँडवर, पुढचं चाक हवेत. पंप करून लिव्हर वर आणा आणि चाक अजिबात न हलवता अर्धा तास थांबा. मग एकदाच दाबा. मऊ लागला तर हवा. घट्टच राहिला, पण चाक चारपाच फेरे फिरवून दाबल्यावर खाली गेला, तर वाकडी डिस्क किंवा ढिलं बेअरिंग पॅडना मागे ढकलतंय. डिस्कचा डुल बहुतेक जपानी गाड्यांत ०.३ मिमीपर्यंतच चालतो. त्या गाडीची लाईन उपसून काही मिळणार नाही.

लिव्हर एकाच दाबाने धरून ठेवल्यावर सावकाश खाली बसत जात असेल तर गळती किंवा मास्टर सिलेंडरचा (लिव्हरपाशी बसून ऑइल ढकलणाऱ्या भागाचा, पुढे नुसता मास्टर) रबरी कप. आणि लिव्हर लांब जातो पण पंप करून काहीच फरक पडत नाही, तर मास्टरचं माप बघा. एका डिस्कच्या गाडीला हौसेने दुसरा कॅलिपर जोडून मास्टर जुनाच १२.७ मिमीचा ठेवला की असं होतं. दोन कॅलिपरना सहसा १५.८७ मिमीच्या आसपासचा, म्हणजे पाच अष्टमांश इंची मास्टर असतो. १२.७ चा पिस्टन त्याच हालचालीत दोन तृतीयांशाहून कमी ऑइल ढकलतो. हा हिशेबाचा दोष आहे, हवा काढून तो जात नाही.

शंका उरलीच तर मास्टर वेगळा तपासा. लाईनचा बँजो बोल्ट (लाईनच्या टोकाच्या कडीतून, म्हणजे बँजोतून, जाणारा पोकळ बोल्ट) काढून त्याच आट्यांचा भोक नसलेला भरीव बोल्ट, नवा वॉशर घालून, मास्टरला लावा आणि त्यापुरती हवा काढा. लिव्हर भिंतीसारखा लागला तर मास्टर निर्दोष. मग एकेक लाईन जोडत खाली जायचं. रबरी नळी चिमट्याने दाबून तपासायची पद्धत जाळीच्या लाईनवर कधीही वापरू नका. आतली टेफ्लॉनची नळी एकदा चेपली की ती परत गोल होत नाही आणि ती लाईन भंगारात जाते.

आता वाटांबद्दल. दोन कॅलिपरपर्यंत ऑइल पोचवायच्या तीन पद्धती रूढ आहेत. मास्टरपासूनच दोन वेगळ्या लाईन निघतात आणि एकेका कॅलिपरला जातात. किंवा एकच लाईन खालच्या टीपर्यंत (फोर्कच्या दोन्ही नळ्या धरणाऱ्या आडव्या ब्रॅकेटपर्यंत) येते आणि तिथल्या जोडापासून दोन फाटे फुटतात. किंवा एक लाईन उजव्या कॅलिपरला येते आणि तिथून दुसरी छोटी लाईन मडगार्डवरून कमान करून डाव्या कॅलिपरला उतरते.

पुष्कळ जणांचा समज असा की कमानीच्या पद्धतीत लांबच्या कॅलिपरला दाब कमी मिळतो. तसं होत नाही. ऑइल थांबलेलं असताना बंद नळीत दाब सगळीकडे सारखाच असतो, कॅलिपर मास्टरपासून एक फुटावर असो की चार. डावे पॅड उजव्यापेक्षा कमी झिजत असतील तर डाव्या कॅलिपरचे पिस्टन किंवा सरकपिना जाम आहेत का बघा. कमानीचा खरा दोष वेगळा आहे: मडगार्डच्या माथ्यावर ती उलट्या यू-सारखी वळते, दोन्ही बाजूंनी खाली उतरते, आणि त्या माथ्यावरच्या हवेला टाकीकडे जायला वाट नसते. वर जायचं तर आधी तिला खाली उतरावं लागतं, आणि हवा आपणहून खाली उतरत नाही.

हा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. जाळीच्या लाईनचं आतलं भोक साधारण ३.२ मिमी. १५.८७ मिमीच्या मास्टरचा पिस्टन १० मिमी सरकला तर जवळपास २ मिली ऑइल पुढे जातं. ३.२ मिमीच्या नळीत २ मिली म्हणजे सुमारे २५ सेंटीमीटर लांबी. म्हणजे लिव्हर एकदा पूर्ण दाबला की कमानीच्या माथ्यावरचा बुडबुडा फार तर २५ सेंटीमीटर पुढे सरकतो. माथ्यापासून डाव्या कॅलिपरपर्यंतची उतरण जवळजवळ तेवढीच असते. बुडबुडा कॅलिपरच्या दारापर्यंत जातो, तुम्ही कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल बंद करता, लिव्हर सोडता, टाकीत ऑइल घालायला वळता, आणि तेवढ्या वेळात तो निवांत परत माथ्यावर. निपलमधून मात्र स्वच्छ ऑइल येत राहतं, म्हणून माणूस समजतो की हवा संपली.

कमान ठेवायचीच असेल तर ती मडगार्डला घासून शक्य तितकी बुटकी ठेवा. माथा जितका कमी उंच, उतरण तितकी आखूड आणि एका दाबात बुडबुडा पार व्हायची शक्यता तितकी जास्त. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीला लाईन नव्याच घ्यायच्या असतील तर आमचं मत स्पष्ट आहे: मास्टरपासून दोन स्वतंत्र लाईन घ्या. लांबी जास्त लागते, खर्चही, पण दोन्ही लाईन टाकीपासून कॅलिपरपर्यंत सतत उतरत्या राहतात आणि हवेला वर जायचा एकच रस्ता उरतो. टीच्या जोडाची पद्धतही चांगली, फक्त जोड आडवा बसवा आणि फाटे तिथून खालीच निघू द्या. फाटा आधी वर जाऊन मग खाली वळला की तिथे आणखी एक छोटी कमान तयार झाली.

बसवलेल्या कमानीतली हवा काढायला आमच्याकडे सगळ्यात खात्रीची ठरलेली पद्धत मास्टरला पूर्ण बाजूला ठेवते. औषधाच्या दुकानातून ५० किंवा ६० मिलीची सिरिंज आणा. निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी घ्या. कॅलिपर डिस्कवरच असू द्या, नाहीतर पिस्टन बाहेर येतील. लिव्हर थोडा आत ओढून ग्रिपला बांधा, त्यामुळे टाकीकडे जाणारं बारीक भोक बंद होतं. सिरिंजमध्ये ताजं ऑइल भरा, तिच्यातली आणि नळीतली हवा आधी बाहेर घालवा, मग ती डाव्या कॅलिपरच्या निपलला लावा. उजव्या कॅलिपरच्या निपलला दुसरी नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. दोन्ही निपल पाव ते अर्धा फेरा उघडा आणि सिरिंज एकाच जोरात, मध्ये न थांबता दाबा. वर जायची वाट बंद असल्याने सगळं ऑइल कमानीतूनच जातं आणि बुडबुड्याला मागे वळायला उसंत मिळत नाही. बाटलीत हवा येताना दिसते. संपली की सिरिंज अजून दाबत असतानाच उजवा निपल बंद करा, मग डावा. लिव्हर सोडा. त्यानंतर सिरिंज उजव्या निपलला लावून मुख्य लाईन खालून वर भरा. टाकीचं झाकण उघडं ठेवा आणि भरून येणारं ऑइल दुसऱ्या सिरिंजने काढत राहा. ते ओसंडून पेट्रोलच्या टाकीवर सांडलं तर रंग उतरतो. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

निर्वात पंपाने निपलमधून ऑइल ओढत असाल तर एक चकवा ध्यानात असू द्या. बुडबुडे संपतच नाहीत, कारण ते निपलच्या आट्यांमधून बाहेरची हवा ओढली जाऊन येत असतात. आट्यांभोवती टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या, टोकाच्या शंकूला टेप लागू देऊ नका, की ते थांबतात.

दुसरी लपायची जागा मास्टरच्या बँजोपाशीच असते आणि ती तिन्ही पद्धतींत असते. हँडल बाहेरच्या बाजूला उतरतं असलं की मास्टरचं आतलं टोक, म्हणजे जिथे लाईन लागते ते, टाकीच्या भोकापेक्षा वर येतं. खालून सुटलेली सगळी हवा तिथे अडते. गाडी साईड स्टँडवर घ्या, म्हणजे उजवं हँडल उचललं जातं, आणि हँडल डावीकडे पूर्ण वळवा. तरीही बँजो वर राहत असेल तर मास्टरच्या पकडीचे दोन बोल्ट सैल करून मास्टर फिरवा, बँजो टाकीच्या खाली येईपर्यंत. मग लिव्हर अगदी थोडा, चारपाच मिलिमीटर, हलके हलके दाबत राहा आणि टाकीत बघा. बारीक बुडबुडे वर येतील. ते थांबल्यावर बँजोखाली फडकं धरा, लिव्हर दाबून ठेवा, बोल्ट जेमतेम एक अष्टमांश फेरा सैल करा, फेस बाहेर आला की घट्ट करा आणि मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला तर आत हवा ओढली जाते.

तिसरी जागा कॅलिपर स्वतः. निपल कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या टोकाला हवा. दुसऱ्या गाडीचे फोर्क टाकताना डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली येतो आणि वरची हवा जन्मभर तिथेच. निपल थोडासाच तिरपा असेल तर कॅलिपर काढून, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घालून, निपल वर येईल असा धरून हवा काढा.

रात्रभर लिव्हर बांधून ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो. बारीक बुडबुडे सुटून वर जायला त्याने मदत होते आणि सकाळी लिव्हर सोडल्यावर ते टाकीत जातात, हे खरं. पण कमानीच्या माथ्यावर अडकलेल्या बुडबुड्यावर त्याचा काही इलाज नाही. तो फक्त दबून बसतो.

लाईनची लांबी मोजताना होणारी चूक पुढे सगळ्यात महाग पडते. फोर्कच्या तळाला उचलणाऱ्या स्टँडवर गाडी घेऊन मोजू नका, त्यात फोर्क दबलेले असतात. इंजिनखाली जॅक लावा किंवा टीला उचलणारा स्टँड वापरा, पुढचं चाक लोंबकळू द्या. फोर्क पूर्ण उघडे असतानाच हँडल डावीकडच्या टोकापासून उजवीकडच्या टोकापर्यंत फिरवा आणि जुन्या क्लच केबलचा तुकडा किंवा जाड दोरी त्या वाटेने धरून मोजा. सगळ्यात लांब अंतर निघेल ते घ्या, वर दोनतीन सेंटीमीटर सैल. मोजमाप बँजोच्या भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत. त्यानंतर पट्टे लावून फोर्क पूर्ण दाबा आणि सैल झालेली लाईन कुठे जाते ते बघा. ती पुढे आणि बाहेर फुगली पाहिजे. चाकाकडे, डिस्ककडे किंवा हँडलच्या थांब्याच्या मध्ये घुसत असेल तर बँजोचा कोन बदला. बँजो सरळ, २०, ४५, ९० अंशांत मिळतात. चुकीचा कोन घेऊन लाईन पिळून बसवली की ती दर वळणावर बँजोला सोडवायचा प्रयत्न करत राहते. वळण दीड-दोन इंच त्रिज्येपेक्षा तीव्र नको, आणि बँजोला लागून लगेच वळण तर नकोच.

लाईन बांधायची कुठे? एक पकड खालच्या टीवर, एक मडगार्डवर किंवा फोर्कच्या खालच्या, चाकाबरोबर हलणाऱ्या भागावर. या दोहोंच्या मधला भाग मोकळा. साध्या फोर्कच्या चकचकीत नळीला झिप टाय मारून लाईन बांधलेली आम्ही अनेक गाड्यांवर बघतो. फोर्क दबला की खालचा भाग वर येऊन त्या टायवर आपटतो, टाय तुटतो किंवा तेलाच्या सीलमध्ये घुसतो. आणि उघडी स्टीलची जाळी कानसीसारखी काम करते: रंग, वायरिंगचं आवरण, ॲल्युमिनियम, सगळं कापत जाते. पावसाळ्यात मडगार्डखालचा चिखल लागला की दुप्पट वेगाने. प्लास्टिकचं आवरण असलेलीच लाईन घ्या आणि जिथे टेकते तिथे वरून आणखी एक नळी चढवा.

बोल्ट आणि वॉशर. जपानी मास्टर आणि कॅलिपरना बहुधा एम १० × १.२५ आटे असतात (१० मिमी व्यास, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर), ब्रेंबो कंपनीच्या भागांना एम १० × १.०. एकाचा बोल्ट दुसऱ्यात दोन फेरे गोड जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे गेले. हाताने शेवटपर्यंत फिरला तरच पाना लावा. एका बँजोला दोन वॉशर, एकावर एक दोन बँजो असतील तर तीन. दोन लाईनच्या पद्धतीत मास्टरवर तीन आणि दोन्ही कॅलिपरवर दोन-दोन, एकूण सात. कमानीच्या पद्धतीतही सातच, फक्त तीनवाला जोड उजव्या कॅलिपरवर येतो. दर वेळी नवे घ्या, १० मिमी भोकाचे, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे. एकदा चेपलेला वॉशर परत तितका बसत नाही.

दुहेरी बँजोला दुहेरीच बोल्ट लागतो, दोन ठिकाणी आडवी भोकं असलेला. तिथे एकेरी बोल्ट कसाबसा बसवला तर एका लाईनचं तोंड बंद राहतं, एका कॅलिपरमधून ऑइलच येत नाही, आणि माणूस हवा शोधत बसतो. उलट दुहेरी बोल्ट एकेरी बँजोला लावला तर तो वॉशर दाबायच्या आत तळाला टेकतो आणि कितीही घट्ट केला तरी पाझरतो. टॉर्क गाडीच्या पुस्तकातला घ्या. स्टीलच्या बोल्टला साधारण २३ ते ३५ न्यूटन-मीटर या पट्ट्यात तो असतो, ॲल्युमिनियमच्या बोल्टला त्याहून कमी. घट्ट करताना दुसऱ्या हाताने लाईन धरा, नाहीतर बँजो बोल्टबरोबर फिरून लाईन पिळली जाते.

एक कळकळीची विनंती. एमआयडीसीत हायड्रॉलिक होज बनवून देणारी दुकानं आहेत, हवी ती लांबी दहा मिनिटांत तयार मिळते. तिथली नळी ट्रॅक्टर आणि जेसीबीच्या खनिज तेलासाठी असते आणि आतलं रबर सहसा नायट्राईल. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, त्यात हे रबर फुगतं आणि मऊ पडतं. दाब सहन करते म्हणून ती ब्रेकला चालते असं नाही. ब्रेकसाठीचीच, टेफ्लॉन किंवा ईपीडीएम रबराच्या अस्तराची लाईन घ्या.

आपल्याकडे २०१८ च्या एप्रिलपासून १२५ सीसीवरच्या नव्या मॉडेलना आणि २०१९ च्या एप्रिलपासून विकल्या जाणाऱ्या अशा सगळ्याच गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्यामुळे आजच्या निंजा ६५० सारख्या गाडीत लाईन मास्टरपासून थेट कॅलिपरला जात नाहीत, मध्ये एबीएसचा पंप असतो. त्याला वगळून थेट लाईन टाकू नका. त्याच्या लाईन उघडताना दोन्ही तोंडं लगेच बंद करा, कारण आतल्या झडपांत हवा शिरली तर ती बाहेर काढायला बहुतेक गाड्यांना कंपनीचं निदानयंत्र लावून पंप चालवावा लागतो. वर सांगितलेली सगळी मोकळीक जुन्या, एबीएस नसलेल्या गाड्यांना आहे: ह्योसंग जीटी२५०आर, सुरुवातीच्या बेनेली टीएनटी ३०० वगैरे. यांच्या मूळ रबरी लाईन आता म्हाताऱ्या झाल्यात, त्यामुळे लाईन बदलायचं काम त्यांच्यावर सारखं निघतं.

मऊपणाच्या उलट, गाडी तापल्यावर ब्रेक धरून राहत असेल तर आधी लिव्हरची मोकळी हालचाल बघा. बाहेरून घेतलेला लिव्हर पिस्टनला किंचित दाबून ठेवत असेल तर परतीचं भोक बंद राहतं, तापलेलं ऑइल फुगतं आणि जायला जागा नसते. टाकी काठोकाठ भरली असली तरी हेच. एकच डिस्क जास्त तापत असेल तर त्या बाजूची लाईन कुठे चेपली आहे का आणि त्या कॅलिपरचे पिस्टन मोकळे आहेत का ते बघा.

ऑइल डॉट ४, सीलबंद बाटलीतलं. लाईन बदलून पूर्ण हवा काढायला ५०० मिली हाताशी ठेवा. महिन्यांपूर्वी उघडलेली बाटली नको, ऑइल हवेतली ओल शोषतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस, ओल शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत दोन वर्षांची मुदत ताणू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. ५.१ चालतं.

सगळं बसल्यावर लिव्हर पूर्ण जोराने ३० सेकंद दाबून धरा. तो जागचा हलता कामा नये. प्रत्येक बँजोला कोरडा टिश्यू कागद गुंडाळून बघा, सगळ्यात बारीक पाझरही त्यावर दिसतो. हँडल दोन्ही टोकांना नेऊन हीच परीक्षा परत घ्या. मग मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने, नंतर ताशी ३० किलोमीटरवरून वीसेक वेळा थांबवून बघा. रात्रभर गाडी साईड स्टँडवर, हँडल डावीकडे. सकाळी पंप न करता पहिला दाब कसा लागतो ते बघा, आणि ५० किलोमीटरनंतर लाईनच्या टेकणाऱ्या जागांवर घासल्याची खूण आली आहे का तेही.